जंगलाकाठची मुले वनखात्यात अधिकारी म्हणून का दिसत नाहीत?

सातपुडाकर

वनखात्यात आदिवासी, भटक्या-विमुक्त समाजांतील तरुण आणि एकूणच मुली यांचे प्रमाण कसे वाढेल, हा विषय निघाला की चर्चा आरक्षणाच्या टक्केवारीपाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच अडकते. मी मेळघाटात एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो आणि माझ्या वर्गातली बहुतेक मुले कोरकू आहेत. माझे म्हणणे असे आहे की, जागा राखून ठेवण्याचे काम बऱ्याच अंशी झालेले आहे. मुले गळतात ती त्याच्या फार आधी, दहावीच्या निकालानंतर अकरावीचा प्रवेश घेताना.

वनरक्षक पदाची अट पाहा. बारावीला विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय असला तरी चालतो, अनुसूचित जमातीच्या उमेदवाराला दहावी उत्तीर्ण असणेही पुरते, आणि महिलांसाठी ३० टक्के समांतर आरक्षण आहे. म्हणजे खालचे दार बऱ्यापैकी रुंद आहे. आता वरचे दार पाहा. भारतीय वनसेवेसाठी पदवीला पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, भूशास्त्र, गणित किंवा संख्याशास्त्र यांपैकी एक विषय तरी हवा, नाहीतर कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी हवी. वनक्षेत्रपाल आणि सहायक वनसंरक्षक ज्या राज्य वनसेवेतून निवडले जातात, तिची अटही याच वळणाची आहे. या साऱ्याच्या मुळाशी अकरावी विज्ञान आहे, आणि आदिवासी तालुक्यांत नेमकी तीच तुकडी दुर्मीळ आहे. अनेक आश्रमशाळा दहावीपाशी थांबतात, ज्यांना कनिष्ठ महाविद्यालय जोडलेले आहे त्यांच्यापैकी पुष्कळ ठिकाणी फक्त कला शाखा असते, आणि जिथे विज्ञान आहे तिथे भौतिकशास्त्राचा शिक्षक तासिका तत्त्वावरचा असतो व दिवाळीनंतर तो दिसेनासा होतो. मुलगी कला शाखेत जाते, कारण वसतिगृह तिथे आहे. आपण फार तर वनरक्षक होऊ आणि पुढे पदोन्नतीच्या वाटेवर थांबू, हे सोळाव्या वर्षी तिच्या नावावर लिहिले जाते आणि तिला ते कोणी सांगतही नाही.

मुलांकडे काय आहे तेही सांगतो. क्षेत्रभेटीला गेलो असताना पाणवठ्याच्या ओल्या मातीत एक ठसा दिसला. मी बिबट्याचा म्हणणार तोच एका मुलाने नखांच्या खुणांकडे बोट दाखवले. मांजरकुळातले प्राणी चालताना नखे आत ओढून घेतात, तरसाची नखे मात्र बाहेरच राहतात, आणि पुढचा पंजा मागच्यापेक्षा ठळकपणे मोठा उमटतो. हे त्याने एका वाक्यात सांगितले आणि पुढे चालू लागला. भूगोलाच्या चाचणीत या मुलाला ३५ गुण मिळवतानाही दम लागतो.

भरतीसाठी काय करता येईल, यावर जाणकारांनी लिहावे. 'जागरूकता निर्माण करावी' यासारखी उत्तरे कृपया नकोत.

बांबूबन

वनखात्यातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे थोडी दुसरी बाजू मांडतो. वनरक्षक म्हणजे शेवटचा टप्पा, असे समजण्याचे कारण नाही. वनरक्षकाचा वनपाल होतो आणि वनपालाचा वनक्षेत्रपाल. माझ्याबरोबर काम केलेले काही उत्तम वनक्षेत्रपाल याच वाटेने वर आले, आणि कूप (तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा), रोपवन, जाळरेषा (वणवा अडवण्यासाठी जाळून मोकळा ठेवलेला पट्टा), वनगुन्ह्याचे कागद या सगळ्यांत सरळ परीक्षा देऊन आलेल्यांच्या ते दोन पावले पुढे होते. अडचण एवढीच की, ही वाट फार लांबीची आहे आणि वर पोचेपर्यंत माणूस निवृत्तीच्या उंबरठ्यावर येतो.

स्थानिक उमेदवारांबद्दल एक गोष्ट उघड बोलली जात नाही, ती बोलतो. बीटवरचा, म्हणजे नियतक्षेत्रावरचा, वनरक्षक त्याच गावचा असेल, तर चोरट्या सागवानाची बैलगाडी पकडल्यावर गाडीवान त्याचा मावसभाऊ निघतो. पीओआर (वनगुन्ह्याचा प्राथमिक अहवाल) फाडला तर घरात अबोला, न फाडला तर खात्यात चौकशी. म्हणून जुने अधिकारी शेजारच्या तालुक्यातला माणूस पसंत करत. याचा अर्थ स्थानिक नकोत असा नाही; त्यांना त्यांच्याच जिल्ह्यात पण स्वतःच्या गावाबाहेरच्या नियतक्षेत्रात ठेवले, तर भाषा आणि रानाची जाण दोन्ही टिकतात आणि भाऊबंदकीचा ताणही येत नाही.

तर्कनिष्ठ

सर्व प्रतिसाद वाचले. प्राण्यांचे ठसे ओळखणे निश्चितच कौतुकास्पद आहे, पण अधिकाऱ्याला कायदा, अंदाजपत्रक, कार्य आयोजना, न्यायालयीन प्रकरणे हे सगळे सांभाळावे लागते. त्यासाठी जी परीक्षा आहे ती सर्वांना सारखीच असली पाहिजे. परीक्षा सोपी करून वैविध्य आणणे हा त्या मुलांचाच अपमान नाही का?

सातपुडाकर

तर्कनिष्ठ, परीक्षा सोपी करा असे मी कुठेही लिहिलेले नाही. परीक्षेला बसण्याची पात्रता त्यांच्या तालुक्यात मिळेल अशी सोय करा, एवढेच लिहिले आहे. वनसेवेच्या परीक्षेत गुणवत्तेने पहिला येण्याची संधी आधी अर्ज भरता आला तरच मिळते.

बांबूबनकाका, गावाबाहेरच्या नियतक्षेत्राची सूचना मला पटली. मावसभावाचा प्रश्न मी नजरेआड केला होता असे नाही, पण तो आमच्याकडे नेहमी 'स्थानिक नकोतच' या निष्कर्षासाठी वापरला जातो, म्हणून मी त्याबद्दल जरा सावध असतो.

रानजाई

मी वनरक्षक आहे. जिल्हा सांगत नाही. भरतीबद्दल बोलताना भरतीनंतर काय होते ते सोडून दिले, तर मुली येतील आणि निघून जातील, म्हणून लिहिते.

लेखी परीक्षेनंतर आम्हाला ३ किलोमीटर धावावे लागते, मुलांना ५. पुढे चालण्याची चाचणी असते. मुलींना ४ तासांत १६ किलोमीटर, मुलांना २५. ही चाचणी मला कधीच जाचक वाटली नाही. खेड्यातल्या मुली सरपण आणि पाणी आणताना यापेक्षा जास्त चालतात. जाचक आहे ते नियुक्तीचे पत्र हातात पडल्यावरचे. माझे पहिले निवासस्थान जंगलातल्या नाक्यावर होते. दोन खोल्या, पत्र्याचे छप्पर, आणि शौचालयाला दार होते पण कडी नव्हती. कडीसाठी मी दोनदा लेखी अर्ज दिला आणि अखेर गावातल्या सुताराकडून स्वतःच्या पैशांनी बसवून घेतली. रात्रीच्या गस्तीला दोन मजूर सोबत असतात, ती माणसे चांगली होती, पण घरच्यांना ते कसे समजावायचे? सासरी अजूनही 'ऑफिसात बदली होत नाही का?' हा एकच प्रश्न आहे.

नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी जात असताना वनरक्षक स्वाती ढुमणे वाघिणीच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये हरिसालच्या वनक्षेत्रपाल दीपाली चव्हाण यांनी आत्महत्या केली आणि वरिष्ठांकडून होणाऱ्या छळाचा विषय राज्यभर गाजला. बारावीतल्या मुलींसमोर मी बोलायला जाते तेव्हा ही दोन्ही नावे प्रेक्षकांतून हमखास येतात, आणि बहुतेक वेळा मागे बसलेल्या आयांकडून येतात. वाघाच्या भीतीला माझ्याकडे उत्तर असते, कारण नियम पाळले तर धोका कमी होतो हे मी रोज पाहते. दुसऱ्या भीतीला उत्तर खात्याने द्यायचे आहे. तक्रार समिती कागदावर असते. तिच्या सदस्यांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक परिक्षेत्र कार्यालयाच्या भिंतीवर लावलेले मी फार कमी ठिकाणी पाहिले आहेत.

तरीही ही नोकरी मी सोडणार नाही, हेही लिहून ठेवते. प्रशिक्षणाचे दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस होते, आणि तेंदूच्या हंगामात गावातल्या बायका माझ्याशी जे बोलतात ते माझ्या आधीच्या तिन्ही वनरक्षकांशी कधी बोलल्या नसत्या.

बांबूबन

रानजाईताई, कडीची गोष्ट वाचून खाली मान घालावी लागली. निवासस्थानांच्या दुरुस्तीचा निधी दरवर्षी मागितला जातो आणि दरवर्षी तो आधी रस्ते व निरीक्षण कुटी यांच्याकडे वळतो. अधिकारी दौऱ्यावर निरीक्षण कुटीत उतरतात, नाक्यावर नाही.

गोंडवन

गडचिरोलीहून. सातपुडाकर सर अकरावीच्या दारापाशी थांबले आहेत, पण आमच्याकडे वनरक्षकाचे 'रुंद' दारसुद्धा कित्येक महिने बंद होते, ते विसरून चालणार नाही.

९ जून २०१४ च्या राज्यपालांच्या अधिसूचनेनुसार अनुसूचित क्षेत्रांतील काही पदे स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांमधूनच भरायची होती; तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक यांच्याबरोबर वनरक्षकही त्यांत होता. पुढे एप्रिल २०२० मध्ये आंध्र प्रदेशातील शिक्षकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित क्षेत्रातले १०० टक्के आरक्षण घटनाबाह्य ठरवले, त्याचे पडसाद इथे उमटले, आणि आमच्या मुलांनी परीक्षा देऊन, निवड यादीत नाव येऊनही नियुक्त्या अडकल्या. नाशिकला उपोषणे झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये विधानसभेचे तत्कालीन उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी मंत्रालयातल्या सुरक्षा जाळीवर उडी घेतली, ती आठवत असेल. त्या मागण्यांत पेसा भरतीही (अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पेसा कायद्याच्या नावाने ओळखली जाणारी हीच भरती) होती. मग मानधनावर तात्पुरत्या नियुक्त्या देण्याचा तोडगा निघाला. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी सरकारी परीक्षा उत्तीर्ण झाले, त्या घराने हे सगळे पाहिले आहे. त्याच घरातल्या धाकट्या बहिणीला आता मी काय तोंडाने सांगू की, तू विज्ञान घे, वनसेवेची तयारी कर?

दुसरे, परीक्षेचा खर्च. २०२३ च्या भरतीत शुल्क मागासवर्गीयांसाठी ९०० रुपये होते, खुल्या प्रवर्गासाठी १०००. परीक्षा संगणकावर. भामरागडच्या मुलाला केंद्र नागपूरला आले, तर आदल्या दिवशी निघून रात्री बसस्थानकावर झोपावे लागते, आणि संगणकाचा माउस तो तिथेच पहिल्यांदा हातात धरतो. पेपरात मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणी. माडिया ही इथली आदिवासी बोली बोलता येते याला शून्य गुण. ज्या बीटवर माडियाशिवाय एकही साक्षीदार जबाब देऊ शकत नाही, त्या बीटसाठीही शून्य.

आणि एक प्रश्न जरा मुळातला आहे. वनहक्क कायदा २००६ चा. मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांना २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, आणि आज जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा स्वतः बांबू व तेंदूचा लिलाव करतात, हिशेब ठेवतात, व्यवस्थापन आराखडे करतात. या कामात वाढलेली वीस-पंचवीस वर्षांची मुले आमच्याकडे आहेत. तर्कनिष्ठ म्हणतात ते अंदाजपत्रक आणि कायदा त्यांना येतो. त्या अनुभवाला सरकारी भरतीत एका गुणाचेही मोल नाही. खाते आणि ग्रामसभा यांच्यात जुना अविश्वास आहे हे मान्य, पण मग दोन्हीकडचे कळणारी माणसे खात्याला नकोत का?

तर्कनिष्ठ

गोंडवन, ग्रामसभेच्या हिशेबाचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. अनुभवाला गुण द्यायचे तर प्रमाणपत्र कोण देणार, हा प्रश्न उरतो. प्रमाणपत्रांचा बाजार आपल्याकडे किती लवकर भरतो ते खेळाडूंच्या आरक्षणात सगळ्यांनी पाहिले आहे. स्थानिक बोलीची तोंडी चाचणी मात्र सहज घेता येईल, तिला माझा विरोध नाही.

खाडीकाठ

विषय वनखात्याचा आहे, पण मत्स्यव्यवसायात अगदी हेच चालते म्हणून दोन ओळी. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, नागपूर आणि उदगीरलाही आहे, आणि मत्स्यव्यवसाय विभागातल्या अधिकारीपदांची वाट तिथूनच जाते. आमच्या कोळीवाड्यातल्या किती मुलांना ही पदवी ठाऊक आहे, असे विचारले तर उत्तर फारसे बरे येत नाही. बंदरावर परवाना तपासायला येणारा अधिकारी कधीच समुद्रात गेलेला नसतो आणि समुद्रात जाणारा मुलगा बारावी विज्ञानापर्यंत पोचत नाही. महाविद्यालय बोटीने अर्ध्या तासावर असूनही.

दूरदेशी

मी अमेरिकेत कृषी संशोधनाच्या क्षेत्रात आहे. इथली एक योजना या चर्चेला उपयोगी पडेल असे वाटते.

१८९० च्या दुसऱ्या मॉरिल कायद्याखाली कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी जी भू-अनुदानित विद्यापीठे उभी राहिली, ती आज १९ आहेत. केंद्रीय कृषी खात्याने १९९२ पासून या विद्यापीठांतल्या मुलांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. कृषी, वनशास्त्र, नैसर्गिक संसाधने, अन्नशास्त्र अशा विषयांना प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याचे शुल्क, पुस्तके आणि राहण्याचा खर्च खाते देते, सुट्टीत त्याला खात्याच्याच कार्यालयात पगारी काम देते आणि पदवीनंतर नोकरीची वाट मोकळी ठेवते. वनसेवा आणि मृद्संधारण सेवा दोन्ही त्याच खात्यात येतात. मला यात महत्त्वाचे वाटते ते एवढेच की, खाते अठराव्या वर्षीच मुलाला हाताशी धरते. पदवी घेऊन तो आपल्या दारात येईल, अशी वाट पाहत बसत नाही.

हेही सांगायला हवे की, अशी योजना एका आदेशाने थांबू शकते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती स्थगित झाली होती, ओरड झाल्यावर पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात बारावीतली मुले अर्ज भरून बसली होती. गोंडवन यांनी लिहिलेल्या धाकट्या बहिणीची गोष्ट इथेही लागू पडते.

सातपुडाकर

दूरदेशी, 'अठराव्या वर्षी' हे शब्द मी उचलतो, फक्त आमच्याकडे ते सोळाव्या वर्षी करावे लागेल. आतापर्यंतचे वाचून मला जे नेमके मागावेसे वाटते ते लिहितो; त्यातले काही आम्ही शिक्षक मिळून आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला लेखी देणार आहोत.

पहिली मागणी विज्ञानाच्या तुकडीची. प्रत्येक आदिवासी तालुक्यात निदान एक निवासी अकरावी-बारावी विज्ञान, कायम शिक्षकांसह आणि प्रयोगशाळा उघडी असलेली. राज्यात सरकारी व अनुदानित आश्रमशाळा मिळून हजाराच्या घरात आहेत. त्या सगळ्यांत विज्ञान आणा असे कोणी म्हणत नाही. पण तालुक्याला एकही नसावी हे समजत नाही.

दुसरी मागणी वनशास्त्राच्या पदवीची ओळख. दापोली आणि अकोला इथल्या कृषी विद्यापीठांत वनशास्त्राची पदवी आहे. माझ्या विद्यार्थ्यांपैकी एकालाही ती माहीत नव्हती, आणि अकोला आमच्यापासून काही दूर नाही. ही पदवी घेतलेल्यांचीही व्यथा आहे: वनसेवेच्या परीक्षेत त्यांची गाठ अभियंत्यांशी पडते आणि चार वर्षे रान शिकलेला मुलगा गणिताच्या गुणांवर मागे राहतो. कर्नाटकात वनशास्त्राच्या पदवीधरांसाठी वनसेवेत वेगळा हिस्सा ठेवलेला आहे. आपल्याकडे तो ठेवला आणि त्या पदवीच्या आदिवासी विद्यार्थ्यांना दूरदेशी यांनी सांगितली तशी सुट्टीतली पगारी कामे वनविभागात दिली, तर साखळी पुरी होईल.

तिसरे, जे आजही जंगलात रोजंदारीवर आहेत त्यांचे. अंगारी (वणव्यावर नजर ठेवणारे), वॉचर, प्राथमिक प्रतिसाद दलातले तरुण, पर्यटनातले वाटाडे. व्याघ्रप्रकल्पांचे निम्मे काम ही मुले ओढतात आणि कागदावर ती कुठेच नसतात. त्यांच्या दिवसांची नोंद खात्याकडेच असते, त्यामुळे तर्कनिष्ठ यांचा प्रमाणपत्राचा प्रश्न इथे येत नाही. फासेपारधी तरुणांचा विचारही याच रांगेत व्हावा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांच्या आज्यापणज्यांवर शिक्का मारला, १९५२ मध्ये कायदा गेला, पण जंगलात पारधी दिसला की आजही आधी झडती होते. मध्य प्रदेशात पन्ना इथे पारधी तरुण पर्यटकांना रान दाखवतात. आपल्याकडे त्यांच्यातला एखादा वनक्षेत्रपाल झाला, तर शिकारीचे गुन्हे उकलायला वेगळे पथक लागणार नाही, हे मी पैज लावून सांगतो.

शौचालयाची कडी या यादीत सर्वांत वर घालायची का, यावर आमच्या शिक्षकांत वाद झाला. मी घातली आहे.

रानजाई

आभार, सर. यादीत एक वाढवा: नव्या मुलीची पहिली नेमणूक एकटीची नको. एका परिमंडळात (काही नियतक्षेत्रे मिळून होते ते) दोघी असल्या तर अर्धे प्रश्न तिथेच मिटतात, आणि यासाठी वेगळा निधीही लागत नाही. बदल्यांच्या यादीवर सही करणाऱ्याच्या लक्षात असले म्हणजे झाले.

मोहफूल

नमस्कार. मी वाचक आहे, पहिल्यांदाच लिहीत आहे. माझी भाची यंदा दहावी झाली, ७१ टक्के आहेत, आम्ही चिखलदरा तालुक्यातले. गावाजवळ विज्ञान नाही आणि बाहेर शिकवण्या लावण्याइतके पैसे नाहीत. तिला वनअधिकारी व्हायचे आहे. आता कला शाखेत प्रवेश घेतला तर पुढे काहीच मार्ग राहत नाही का?

सातपुडाकर

मोहफूलताई, कला शाखेतून भूगोल घेऊन बारावी झाली तर वनरक्षक भरतीला ती पात्र राहील, पण वनसेवेचा रस्ता जवळजवळ बंद होईल, म्हणून घाई करू नका. एक आडवाट आहे आणि ती फारशी कोणाला सुचत नाही. दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतनात तीन वर्षांच्या पदविकेला प्रवेश घ्यावा, अमरावतीला आहे. पदविका झाली की अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, आणि अभियांत्रिकीची पदवी वनसेवेच्या परीक्षेला चालते. यात अकरावी-बारावी विज्ञान लागतच नाही. रान शिकायचे तर आधी स्थापत्य अभियांत्रिकी शिका, असे सांगावे लागते याचे मलाही नवल वाटते, पण आजचा नियम असा आहे.

दुसरा पर्याय जिल्ह्याच्या ठिकाणी आदिवासी विभागाच्या वसतिगृहात राहून विज्ञान घेण्याचा. धारणीच्या प्रकल्प कार्यालयात वसतिगृहाचे आणि तंत्रनिकेतनाचे असे दोन्ही अर्ज भरून ठेवा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि रहिवासी दाखला आत्ताच काढायला टाका, कारण मुदत संपते ती बहुतेक वेळा दाखल्यांपायीच. जात पडताळणीचा अर्जही लगेच द्या. भाचीची उंची किती आहे तेही कळवा. भारतीय वनसेवेत मुलींसाठी १५० सेंटिमीटरची अट आहे, अनुसूचित जमातीसाठी ती १४५ आहे, तेव्हा बहुधा तिथे अडणार नाही.

गोंडवन

मोहफूलताई, पदविकेचे शुल्क आणि शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर भरावा लागतो. आधार क्रमांक बँक खात्याशी जोडलेला आहे का, ते आधी तपासा. आमच्याकडच्या दोन मुलींचे पैसे केवळ तेवढ्यासाठी वर्षभर अडकले होते.